लाल गाडीचा मागचा ब्रेक

१

पत्र येऊन तेवीस दिवस झाले होते आणि केशवरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

लिहिलंच नव्हतं असं नाही. चारदा लिहिलं होतं. चारही वेळा पहिल्या ओळीत ‘माझ्या अल्प समजुतीप्रमाणे’ आलं, दुसरीत ‘बहुधा’ आलं आणि तिसरीपर्यंत पोहोचेतो त्यांना वाटलं, आपण कोण लागून गेलो सांगणारे? मग कागद दुमडून ते कपाटातल्या एखाद्या पुस्तकात ठेवून देत.

अमरावतीच्या एका आयटीआयमध्ये त्यांनी एकतीस वर्षं मोटार मेकॅनिकच्या पोरांना थिअरी शिकवली. फळ्यावर काढलेली त्यांची इंजिनं छापल्यासारखी दिसत. पण वर्कशॉपमध्ये हात काळे करणारे दुसरे होते, आणि ते केशवरावांना मागून ‘पुस्तकी पाना’ म्हणत. हे केशवरावांना ठाऊक होतं. त्याहून वाईट म्हणजे ते त्यांना पटत होतं.

पत्र असं होतं:

‘आदरणीय सर, नमस्कार. मी वर्षाली काळबांडे, आमच्या तुकडीतली एकटी मुलगी, म्हणून आठवत असेन. दोन वर्षांपासून मी चिखलदऱ्याला देवानंदभाऊ लुंगे यांच्याकडे एटीव्हीच्या दुरुस्तीचं काम करत होते. पर्यटकांना फिरवायच्या तीन गाड्या आहेत. चार जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यातल्या लाल गाडीचे मागचे ब्रेक पॅड मी बदलले. मग तुम्ही शिकवल्याप्रमाणे ब्रेकमधली हवा काढली. पेडल दाबायला देवानंदभाऊंचे वडील होते. मी हवा सोडायचा निपल घट्ट केल्याशिवाय त्यांनी पाय उचलला नाही. बुडबुडे बंद होईस्तोवर केलं. संध्याकाळी उतारावर तीन चकरा मारल्या. गाडी जागच्या जागी थांबत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्यटकांना फिरवणारे श्यामभाऊ तीच गाडी घेऊन पहिल्या उताराला लागले आणि मागचा ब्रेक लागला नाही. गाडी बांधावर आदळली. त्यांचं मनगट मोडलं. सगळे म्हणतात, हिनं हवा नीट काढली नाही. परतवाड्याच्या एका मेकॅनिकनं लाइनमधून बुडबुडे निघताना व्हिडिओ काढला आहे. मला काढून टाकलं. आता मी अकोल्याला आईकडे आहे.

सर, मला परत घ्या असं मी कोणाला म्हणत नाही. माझ्या हातून चूक झाली का, एवढंच मला कळलं पाहिजे. झाली असेल तर मी पुन्हा ब्रेकला हात लावणार नाही. त्या दिवशी गाडीवर एखादं लेकरू असतं तर? आई दसऱ्याला शिलाई मशीन आणणार आहे. दसऱ्याला पूजा पान्यांची करायची की मशीनची, तेवढं लिहून कळवा. फोन करू नका. फोनवरचं बोलणं आईला दाखवता येत नाही.’

चोविसाव्या दिवशी त्यांच्या पत्नी पार्वताबाईंनी कपाट झाडायला घेतलं आणि पुस्तकांतून चार कागद खाली पडले. त्यांनी चारही वाचले.

“हे काय लिहून राहिले तुमी? पोथी?”

“अगं, मी ती गाडी पाहिलेली पण नाही. एटीव्हीला माझा हात लागलेला नाही कधी. कशावरून सांगू तिला?”

“मंग लावून या ना हात. चिखलदरा काय लंकेत आहे?” पार्वताबाईंनी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले. “दसऱ्याले आठ दिवस उरले. ती पोरगी पोस्टमनची वाट पाहून राहिली असन, अन् तुमी ‘बहुधा’ लिहून राहिले.”

२

दोन दिवसांनी ते निघाले. परतवाड्याला एसटी बदलावी लागली. घाटात धुकं इतकं दाट, की ड्रायव्हर खिडकीतून मान काढून रस्ता शोधत होता. केशवरावांनी दोनदा ठरवलं की उतरल्यावर परतीची गाडी विचारायची. दोन्ही वेळा पार्वताबाईंचा चेहरा आठवला.

देवानंद लुंगे चाळिशीचा, अंगानं भरलेला, फोन कानाला चिकटलेला माणूस. पठाराच्या कडेला पत्र्याची शेड, समोर दोन निळ्या गाड्या धावायला तयार, आणि शेडच्या कोपऱ्यात ती लाल गाडी. महिनाभर तिला कोणी हलवलं नव्हतं. चिखल वाळून तिच्यावर पापुद्रे धरले होते.

“वर्षालीचे सर का तुमी? या. पाहा. पण पाहून काय होनार आहे, सर? सीझन गेला माह्या. लोक मोबाइलवर लिहून राहिले, इथल्या गाडीचे ब्रेक लागत नाईत म्हनून.”

“तुम्ही तिला विचारलंत का, काय झालं ते?”

“विचारलं ना. म्हने मी बरोबर केलं. सारेच म्हनतात बरोबर केलं.” देवानंदनं फोन पुढे केला. “हे पाहा. हे काय खोटं आहे?”

व्हिडिओ होता चाळीस सेकंदांचा. मागच्या चाकांच्या मध्ये, आसाजवळ, पॅडना चकतीवर दाबणारा ब्रेकचा कॅलिपर. त्याच्या निपलला पारदर्शक नळी, नळीच्या टोकाला इंजेक्शनची मोठी सिरिंज. कोणाचा तरी हात सिरिंज ओढत होता आणि नळीतून ब्रेक ऑइल येत होतं. ऑइलमध्ये बारीक बुडबुड्यांची माळ. सोड्याच्या बाटलीसारखी.

केशवरावांनी तो तीनदा पाहिला. ब्रेकच्या लाइनमध्ये हवा राहिली की पेडल दाबल्यावर हवाच दबते, जोर पॅडपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. बुडबुडे म्हणजे हवा. यापलीकडे पुस्तकात काही नव्हतं.

“कोणी काढला हा?”

“स्वप्निलनं. परतवाड्याचा मेकॅनिक आहे. श्यामचा साळा. आता त्यालेच ठेवीन म्हनतो कामाले.”

कोपऱ्यातल्या बाजेवर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. पांढरं धोतर, डोक्याला शेला. देवानंदचे वडील, उत्तमराव. मोर्शीकडची शेती मक्त्यानं देऊन वर्षभरापासून ते पोराजवळ इथेच राहत होते. केशवरावांनी नमस्कार केला. उत्तमरावांनी मान हलवली, तंबाखू तोंडात टाकली आणि धुक्याकडे तोंड फिरवलं.

आता परत गेलो आणि पाचवा कागद लिहिला, तर त्यात काय लिहायचं? ‘मुली, शिलाई मशीन आण’? हे शब्द मनात जुळून आले तेव्हा केशवरावांच्या लक्षात आलं की या वेळी ‘बहुधा’ आलं नाही.

३

श्याम वळणावरच्या मक्याच्या कणसांच्या टपरीवर सापडला. डाव्या हाताला प्लास्टर, उजव्या हातात कणीस.

“साळ्याले कामावर लावाले मी हात मोडून घेतला, असंच विचारनार ना तुमी?” केशवराव तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला. “सारं चिखलदरा तेच म्हनून राहिलं. विचारा बाप्पा, तुमी बी विचारा.”

केशवराव ओशाळले. हा प्रश्न त्यांच्या मनात होता खरा. “नाही. मला फक्त त्या सकाळचं सांगा. तुम्ही ब्रेक दाबला तेव्हा काय झालं?”

“लागला नाई.”

“म्हणजे कसं?”

“म्हनजे लागला नाई, सर. याच्यात कसं काय? गाडी चालली खाली, म्या दाबला, ते चालतच राह्यली.”

“पुढचा ब्रेक?”

“पुढचा वल्ल्या उतारावर दाबला तर हँडल घसरते. तरी दाबला शेवटी. तवाच तं बांधावर गेलो.”

असं कितीतरी वेळ चाललं. श्याम प्रत्येक प्रश्नाला ‘लागला नाई’ म्हणे आणि केशवराव तोच प्रश्न शब्द बदलून विचारत. वर्गात मुलं अशी उत्तरं द्यायची तेव्हा ते खडू ठेवून खिडकीबाहेर पाहत. इथे खिडकी नव्हती, धुकं होतं.

“पाय कुठपर्यंत गेला?” त्यांनी शेवटी विचारलं.

“आता पायाचं कोन मोजते? जीव चालला होता माह्या.” श्यामनं दाणे संपलेल्या कणसाचा बुरखुंडा गटारात फेकला. “पन दाबला मात्र असा का, पोटरीले गोळा आला. हाताचं प्लास्टर निघन, पन ते पोटरी आठ दिवस दुखली. लंगडून राहिलो होतो. बायको म्हने, मोडला हात अन् लंगडता काहून?”

टपरीवाली हसली. श्यामही हसला.

“आनखी एक सांगू? तुमी हसान. बांधावर पडलो होतो ना, तवा असा वास आला, देवाजवळचा दिवा इझल्यासारखा. मले वाटलं, गेलो आपन. कोनी तरी दिवा लावला आपल्यापाशी.”

केशवराव हसले नाहीत. ते उठून चालायला लागले होते. वीस-पंचवीस पावलांवर थांबले, परत आले आणि श्यामसमोर उभे राहिले.

“गोळा आला म्हणालात?”

“हो ना.”

“नक्की?”

“पोटरी माही आहे का तुमची, सर?”

लाइनमध्ये हवा असती तर पेडल कापसाच्या बोळ्यासारखं दबत खाली गेलं असतं. पाय त्याच्याबरोबर खाली जातो, त्याला अडवणारं काही नसतं. जे अडत नाही ते जीव खाऊन दाबता येत नाही आणि त्यानं पोटरीला गोळा येत नाही. त्या सकाळी लाल गाडीचं पेडल दगडासारखं कडक होतं.

मग व्हिडिओतले बुडबुडे कुठले?

४

“सिरिंज आहे का?” त्यांनी देवानंदला विचारलं.

सिरिंज होती, नळी होती, ब्रेक ऑइलची बाटली होती. वर्षालीनं सगळं एका डब्यात लावून ठेवलेलं होतं. केशवराव सदरा खोचून लाल गाडीच्या मागे फतकल मारून बसले. गुडघे कुरकुरले. निपलला नळी लावली, पान्यानं निपल पाव फेरा सैल केला आणि सिरिंज ओढली.

बुडबुडे आले.

त्यांनी ओढत राहायचं ठरवलं. हवा असेल तर ती कधी तरी संपेल. वरच्या टाकीत ऑइल ओतायला देवानंद उभा होता. दहा सिरिंजा झाल्या, पंधरा झाल्या. बुडबुडे येतच होते, तेवढेच बारीक, तेवढेच दाट. पाना दोनदा हातातून सुटला. एकदा बोटाचं सालटं निघालं. ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

“मी म्हनलं होतं ना,” देवानंद म्हणाला. “हवाच हवा आहे.”

“थांबा.”

“अर्धी बाटली गेली, सर.”

“थांबा म्हटलं ना.” आपला आवाज चढलेला ऐकून केशवराव स्वतःच दचकले. वर्गातही त्यांनी तो कधी चढवला नव्हता. त्यांना त्या गाडीचा राग आला होता, देवानंदचा आला होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. साठी उलटून गेल्यावर माणूस पहिल्यांदा निपल उघडतो आणि म्हणे एकतीस वर्षं ब्रेक शिकवले.

ते तसेच बसून राहिले. नळीतला शेवटचा बुडबुडा वर चढताना त्यांनी पाहिला. आणि त्यांना हिशेबातली गंमत दिसली. टाकीपासून कॅलिपरपर्यंतच्या पूर्ण लाइनीत मावतं फार तर दोन-तीन सिरिंजा ऑइल. लाइन पाच-सात वेळा धुऊन निघाली होती. आतली हवा केव्हाच संपायला हवी होती. न संपणारी हवा आतली नसते. ती बाहेरून येते.

निपल सैल केला की त्याच्या आट्यांमधून बारीक फट राहते. सिरिंज ओढते तेव्हा ऑइलबरोबर त्या फटीतून बाहेरची हवाही ओढली जाते. स्वप्निलनं खोटा व्हिडिओ काढला नव्हता. खरा काढला होता, फक्त हवा शेडमधली होती.

“देवानंदराव, पेडल दाबायला कोणी तरी पाहिजे. ओढून नाही, दाबून पाहू.”

देवानंदचा फोन वाजला. तो बाहेर गेला. बाजेवरून उत्तमराव उठले, गाडीवर बसले आणि उजवा पाय पेडलवर ठेवला.

“दाबा,” केशवराव खालून म्हणाले. “धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका.”

“मले माहीत आहे,” उत्तमराव म्हणाले. “पोरीनं शिकवलं.”

निपल उघडला. ऑइल आलं. निपल बंद. “सोडा.” पुन्हा. सिरिंजनं आत सोडलेले चार-दोन बुडबुडे पहिल्या खेपेला निघून गेले. त्यानंतर नळीत एकही आला नाही. उत्तमरावांचा पाय घड्याळासारखा चालत होता. दाबला की दाबलेला, सोड म्हटलं की सुटलेला. एवढा चांगला मदतनीस असताना हवा राहणं शक्य नव्हतं.

केशवराव उठले आणि हातानं पेडल दाबून पाहिलं. दगड.

देवानंद परत आला तेव्हा त्यांनी त्याला गाडीवर बसवलं, गिअर न्यूट्रलला टाकला आणि म्हणाले, “आता पूर्ण जोरानं दाबून धरा.” मग ते आणि उत्तमराव दोघांनी मागून गाडीला खांदा दिला. एक साठीचा, एक पंच्याहत्तरीचा.

पेडल दाबलेलं होतं आणि लाल गाडी शेडच्या दारापर्यंत सरकत गेली.

देवानंदनं मागे वळून पाहिलं.

५

“जोर पॅडपर्यंत पोहोचतो आहे,” केशवराव म्हणाले. “पॅड डिस्क पकडत नाहीत. मला पॅड काढायचे आहेत.”

काढता काढता त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्या गाडीवर वाळका चिखल, नटबोल्टांवर गंज. पण डिस्क, आसावरची ती लोखंडी चकती, चिखलाच्या पापुद्र्याखाली, काळसर आणि चकचकीत. चिखलदऱ्याच्या धुक्यात उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. ही महिनाभरातही तांबूस झाली नव्हती.

त्यांनी डिस्कवरून बोट फिरवलं. बोट घसरलं.

पॅड हातात आले. जाडी नव्याची होती, पण तोंड आरशासारखं झालं होतं. केशवरावांनी नाकाला लावून पाहिलं. दिवा विझल्यासारखा वास अजून होता, पुसट.

“ग्रीस,” देवानंद म्हणाला. त्याला पुन्हा जमीन सापडली होती. “तिच्याच हाताचं ग्रीस लागलं. हवा नसन, ग्रीस असन. चूक तं तिचीच झाली ना, सर?”

असं होऊ शकतं. ग्रीसच्या हातानं पॅड धरू नका, हेही त्यांनीच फळ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी पॅड उजेडात धरला आणि उगाच उलटासुलटा करत राहिले.

“आदल्या संध्याकाळी तिनं चकरा मारल्या, तेव्हा तुम्ही होता?”

“होतो. तवाच तं मोर्शीले निघालो, पोळ्यासाठी.”

“गाडी थांबत होती?”

देवानंदनं लाल गाडीकडे पाहिलं. “थांबत होती,” तो म्हणाला. “बरोबर थांबत होती.”

“याच पॅडवर. तिच्या हाताचं ग्रीस असतं तर पहिल्याच चकरेला घसरली असती. म्हणजे हे जे काही आहे, ते चकरा झाल्यावर लागलं. संध्याकाळनंतर आणि श्याम येण्याआधी. त्या वेळात शेडमध्ये कोण होतं?”

“कोन राहनार? बाबा होते फक्त.” देवानंद हसला. “बाबा काय गाडीले ग्रीस लावनार आहेत?”

पॅडचं तोंड जळून काळं झालं होतं, पण जिथे तो मागच्या पोलादी पट्टीला चिकटतो त्या खाचेत एक रेघ होती. केशवरावांनी चष्मा कपाळावर सरकवून पॅड डोळ्यांजवळ नेला. रेघ पिवळी होती. ग्रीस पिवळंही असतं. आणि ते ग्रीसच असलं तर?

बाजेवर उत्तमराव पुन्हा तंबाखू मळायला बसले होते. एका हातात चुन्याची डबी.

“उत्तमराव, थोडा चुना देता का?”

उत्तमरावांनी मान वर केली. त्यांनी केशवरावांच्या हातातला पॅड पाहिला. मग डबी पुढे केली. हात पुढे यायला वेळ लागला.

केशवरावांनी नखावर चुना घेतला, त्यात पाण्याचा थेंब टाकला आणि त्या पिवळ्या रेघेवर फिरवला. तिघेही पाहत होते. रेघ आधी नारंगी झाली, मग लाल. कुंकवाचं बोट ओढल्यासारखी.

चुन्यानं ग्रीस लाल होत नाही. लाल होते ती हळद.

देवानंदला अजून समजलं नव्हतं. “हळद? ब्रेकमध्ये?”

केशवराव बाजेजवळ गेले आणि शेजारी टेकले. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी हळद आणि तूप कालवून कुठे लावतात, हे अमरावतीत जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बैलांच्या खांद्यांना. वर्षभर जू वाहिलेल्या जागेला. खांदशेकणी.

“ही लाल गाडी कशी घेतली, उत्तमराव?”

“जोडी इकून,” उत्तमराव म्हणाले. “मांगच्या साली. माही जोडी होती. पोरगा म्हने, बाबा, आता बैलं काय करता. मीच म्हनलं, इक.” ते धुक्याकडे पाहत होते. “पोळा आला. अठी ना बैल, ना गोठा. म्हनलं, त्याइच्या जागी हेच आली ना घरात. काम बी हेच करते. दिवसभर लोकं वाहते. त्या निळ्याइचं मले काई नाई, त्या हप्त्यावरच्या. पन हे…”

“खांदा कुठला धरलात?”

“वढ कुठून आहे ते पाह्यलं. सारा जोर मांगच्या आसावर. त्या चकतीपाशी. पयसाच्या पानानं चोयलं तूप-हयद, चांगलं गरम करून. आवतन बी देल्लं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” त्यांनी तळहातावरची तंबाखू झटकली. “सकाऊन श्याम पडला. दुपारी म्या चकतीले हात लावून पाह्यला. बोट घसरलं. तवाच समजलं मले.”

“बाबा,” देवानंद म्हणाला.

“काय सांगाचं होतं तुले? बुढा गाडीले तूप लावते म्हनून? हसला असता साऱ्या गावासंग.” उत्तमराव केशवरावांकडे वळले. “पोरीची पिशवी मीच नेऊन देल्ली स्टँडवर. सांगतो सांगतो म्हनलं. गाडी लागली. ते खिडकीतून म्हने, आजोबा, तुमचा पाय बरोबर चालत होता, चूक माहीच झाली असन. अन् गाडी निघून गेली. महिना झाला, मास्तर. रोज वाटते, कोनाच्या तरी हातून चिठ्ठी लिहून घ्यावं. रोज राहून जाते.”

केशवरावांना या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. तो येऊ लागलाही. पण कपाटातले चार कागद त्याच्या आड आले.

६

देवानंद अर्धा तास शेडच्या बाहेर येरझाऱ्या घालत राहिला. मग आत येऊन म्हणाला, “सर, तिची चूक नाई, एवढं लिहा. बस. बाबाचं नाव कायले? लोक काय म्हनतीन? सीझन आधीच बसला.”

“आणि ती आईनं विचारल्यावर काय सांगेल? ब्रेक कशानं गेला?”

“काई बी. अपघात होता म्हना. गाडी आहे, बिघडते.”

“बिघडत नाही,” केशवराव म्हणाले. “तिनं बरोबर लावलेला ब्रेक आपोआप बिघडत नाही. तेच तिला कळायला पाहिजे.”

“देवा, तू चूप राय,” उत्तमराव बाजेवरून म्हणाले. “मास्तर, माहं नाव लिहा. पूर्न नाव लिहा.”

डाकघर दुपारच्या जेवणासाठी बंद व्हायला पाऊण तास होता. दोघं म्हातारे चढ चढून तिथे पोहोचले तेव्हा धापा टाकत होते. बाकावर बसून केशवरावांनी कागद मांडीवर घेतला. पेन ओल्या हवेत चालेना. त्यांनी ते झटकलं, कागदाच्या कोपऱ्यावर गिरवलं, पुन्हा झटकलं. ‘माझ्या अल्प’ एवढं लिहून झालं होतं. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

‘चि. वर्षाली, तुझ्या पत्राला सव्वीस दिवस उशिरा उत्तर देतो आहे. त्याला कारण नाही, फक्त माझा भित्रेपणा आहे. क्षमा कर.

आज मी लाल गाडीचा ब्रेक स्वतः तपासला. तू हवा बरोबर काढली होतीस. लाइनमध्ये हवा नव्हती. व्हिडिओतले बुडबुडे सिरिंजनं निपलच्या आट्यांमधून ओढलेले आहेत. पेडलनं दाबून पाहिलं तर एकही येत नाही. पॅडही तू बरोबर बसवले होतेस. तुझ्या चकरा झाल्यानंतर, त्या संध्याकाळी, श्री. उत्तमराव लुंगे यांनी डिस्कला खांदशेकणीचं तूप आणि हळद लावली. त्यानं ब्रेक गेला. पॅडच्या खाचेतल्या हळदीला चुना लावून मी खात्री केली आहे. श्री. देवानंद लुंगे हजर होते.

तू चुकली नाहीस.

एक सांगायचं राहिलं. निपलवर रबरी टोपी नव्हती. माती जाते. पुढच्या वेळी लावत जा.’

त्यांनी सही केली आणि कागद उत्तमरावांपुढे धरला. उत्तमरावांनी पेन मुठीत धरलं. एक एक अक्षर बाकावर वाकून, ओठ हलवत, त्यांनी खाली लिहिलं: ‘पोरी तूप म्या लावलं. सांगतलं नाई. उत्तमराव लुंगे.’ मग थोडं थांबून विचारलं, “परत ये म्हनून लिहू का?”

“ते देवानंदला लिहू द्या.”

“तो लिहीन का?”

“माहीत नाही,” केशवराव म्हणाले.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोललं. “साधं की स्पीड पोस्ट?”

“स्पीड. अकोल्याला दसऱ्याच्या आत पोहोचेल ना?”

“परवा पोचन. तेरवा तं नक्कीच.”

“परवा म्हणा,” केशवराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पाकिटावर शिक्का मारला, तो नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला, आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.